जोडव्याखालची सूज

माहं नाव कडूबाई. हसू नका ताई, आमच्या भागात हे नाव घरोघर सापडतंय. माझ्या आधीचे लेकरं मायच्या हाती लागले न्हाई, मंग म्हाताऱ्या बाया म्हन्ल्या आता व्हईल त्याचं नाव कडू ठिवा, कडू चीज कोनी उचलून नेत न्हाई, आन् मी झाले, आन् राह्यले. आता सत्तरीला टेकले. नाव कडू तसं तोंडबी कडू, हे मी न्हाई म्हनत, आमचे मालक म्हन्तेत, ते काय तिथं ओट्यावर बसलेत. कान इकडंच हायेत त्यांचे. काय वं, आयकून राह्यले ना? न्हाई म्हन्तेत. म्हन्जे सारं आयकून राह्यलेत.

तुम्ही पायाच्या सुजीचं इचारलं, पन सुजीच्या आधी पाय कसे व्हते ते तर आयका. माहेर माहं धावडा गावाच्या अंगाला, डोंगर लागून. पायात काही म्हन्जे काही नसायचं. सीताफळं पिकायला लागले की आम्ही पोरी टोपले घिऊन डोंगरात जायचो, दगड, कुसळं, बाभळीचे काटे, सारं तुडवीत, आन् कुठं आडलं तर बसून तोच काटा दुसऱ्या काट्यानं काढायचा आन् वापस पळायचं. माय म्हनायची ह्या पोरीच्या टाचा हायेत का खुरं. लई भारी वाटायचं मला ते. आता कोनाला सांगितलं तर खरं वाटत न्हाई, पन डोंगरावरून गावात येस्तोवर मी डोक्यावरचं टोपलं हातानं धरत न्हव्हते, दोन्ही हात मोकळे, आन् पाय आपले खाली पळून राह्यले. ते दिवस आठवले की अजून पायाला खाज सुटती, खरं सांगते.

लगीन झालं ते इकडं, पिंपळगाव रेणुकाईच्या शेजारच्या ह्या गावात. सासूला आम्ही आत्याबाई म्हनायचो. लई कडक बाई, पन मनानं साफ. लग्नात जोडवे त्यांनीच आनले, जाड चांदीचे, आन् सोनाराकडून माझ्या बोटात पकडीनं दाबून घातले. मला दुखलं तर म्हन्ल्या, दुखू दे, हे आता माझ्या लेकाच्या नावाचे हायेत, तो हाये तोवर हे हायेत. आमच्यात जोडव्याचा एक दस्तूर हाये ताई. चांदी झिजती, जोडवं पातळ व्हतंय, बदलावं लागतंय. पन जुनं आधी काढायचं न्हाई. आधी नवं घालायचं, मंग जुनं काढायचं. बाईचं बोट पापनी लवंस्तोवरबी मोकळं ठिवायचं न्हाई. जोडवं उतरतंय ते कवा, तर कपाळाचं कुंकू पुसतेत तवा. त्याआधी न्हाई. आत्याबाईनं हे मला एवढ्या येळा सांगितलं की माझ्या हाडात जाऊन बसलं. आन् मीबी कधी चुकले न्हाई. सोनार हसायचा, म्हनायचा बाई एका बोटात दोन जोडवे कसे मावतील, म्या म्हनायचं ते तुझं तू बघ, मोकळं बोट मला दिसलं न्हाई पाहिजे.

मंग मिरची. आता पिंपळगावची मिरची तुम्हाला मालूम असंलच. आमचं रान थोडं, त्यात तोडून झालं की आम्ही बाया दुसऱ्याच्या रानात तोडायला जायचो. पावसाळ्याचे दिवस, खाली चिखल, झाडं ओले, आन् सकाळपासून सांच्यापर्यंत कमरेत वाकून उभं. बसता येत न्हाई, बसलं की चिखल. पन काय मजा व्हती म्हनून सांगू तुम्हाला! एकीनं गानं सुरू केलं की चार सऱ्या पलीकडची उचलायची, एकमेकीच्या सासूच्या नकला, नवऱ्याच्या नकला, हसून हसून पोट दुखायचं आन् मिरचीचा हात चुकून डोळ्याला लागला की सारं वावर नाचायचं. सांच्याला हात अशे पेटायचे की ताकात बुडवून बसायचं. आन् पिंपळगावच्या बाजारात ते ढीग, हिरवेगार, जिकडं बघावं तिकडं मिरची, माणसं शिंकून राह्यलेत आन् भाव करून राह्यलेत. मला तिथं जायला लई आवडायचं. मालक म्हनायचे तुझं काय काम हाये बाजारात, मी जातो माल घिऊन. म्या म्हनायचं मिरची म्या तोडली, तिचं काय व्हतं ते मी बघनार. आन् चालत जायचे मागंमागं.

पाय तवाबी सुजले व्हते बरं का एकदा. माही मीरा पोटात व्हती, शेवटचे महिने. आत्याबाईनं बघितलं, अंगठा दाबला, खड्डा पडला. म्हन्ल्या चिंता नको करू, पोटुशी बाईचे पाय सुजतेतच, पन बिलकुल उभं राह्यचं न्हाई आता, आन् मला बाजंवर निजवून पायाखाली गाठोडं दिलं, सुजीवर चालती म्हनून घेटुळीची रानभाजी करून घातली, लोनचं बंद केलं. आन् दोन-चार दिसाआड नर्सबाईला बोलवून आनायच्या, म्हनायच्या तिचं ते हाताला बांधायचं यंत्र लावून बघ बाई, डोकं दुखतं का इचार, तोंड सुजलं का बघ. त्या अडानी बाईला कोनी तरी सांगितलं व्हतं की पोटुशी बाईचं तोंड सुजलं, डोकं दुखलं तर ते साधं नसतंय. मीरा झाली आन् सूज आठ दिसात उतरली. जोडवे तवाबी घट्ट झाल्ते, पन उतरले न्हाई. त्यामुळं मला वाटायचं सूज काय, येती आन् जाती.

आता गोळीचं सांगते, कारन खरी गोम तिथंच हाये. वय वाढलं तशे गुडघे बोलाया लागले. वाकून तोडनं जमंना. मंग बाया म्हन्ल्या अगं कडे, गोळी घे की. तोडनीला जानाऱ्या साऱ्या बाया गोळी घ्यायच्या, दुपारच्या च्यासंग. च्या आला की पदराच्या गाठीतून गोळी निघायची, जशी दुसऱ्या गावात सुपारी निघती तशी. दुकानात सुटी मिळायची, नाव कोनाला मालूम न्हाई, गुडघ्याची गोळी म्हनलं की दुकानदार द्यायचा. घेतली की घटकाभरात गुडघा असा गुमान व्हायचा की वाटायचं धावड्याच्या डोंगरात जाऊन यावं. मला वाटलं देवानंच धाडली. कितीक वर्सं खाल्ली, मोजले न्हाई. तोडनी सुटली, गोळी सुटली न्हाई. कुठं लग्नाला जायचं घे गोळी, रेनुकाईच्या देवळाच्या पायऱ्या चढायच्या घे गोळी, काही न्हाई तरी घे गोळी, कारन उद्या दुखंल.

त्यातच मालकाचं दुखनं निघालं. आधी त्यांचेच पाय सुजले, हो. चपलीचे पट्टे पायावर उमटायला लागले, सांच्याला चप्पल काढली की पट्ट्याच्या जागी नाल्या. आन् राती आडवं झालं की दम लागायचा, उठून भिताडाला टेकून बसायचे. म्या म्हन्लं हे काही बरं न्हाई, दवाखान्यात चला. म्हन्ले उगं, गॅस झालाय. म्या म्हन्लं गॅस काय पायात जाऊन बसतोय का? लई भांडले मी. गाठोडं बांधून दारात बसले, म्हन्लं तुम्ही चालत न्हाई तर मी एकटी जाते आन् डाक्टरला म्हन्ते माह्या माणसाला उचलायला गाडी पाठवा. लाज वाटून निघाले मंग. जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात फोटो काढला, डाक्टर म्हन्ला दिलाचं पंपिंग कमी झालंय, रक्त बराबर पुढं ढकलल्या जात न्हाई म्हनून पानी खाली पायात साचतंय, फुफ्फुसातबी चाललंय. टायमावर आनलं म्हन्ला. ते आत काचंच्या खोलीत व्हते तवा मी भायेर फरशीवर बसल्ते, दोन्ही हातानं दोन्ही पायाचे जोडवे धरून. देवाचं नाव सुचंना मला. नुसते जोडवे धरून बसले.

वाचले. घरी आले. सारं गाव भेटायला आलं, आन् माही जाऊ पारू म्हन्ली, अक्का, तुझ्या जोडव्यानं ओढून आनलं गं भाऊजींना. दुसरी कोनी म्हन्ली असती तर म्या हसन्यावारी नेलं असतं. पन मी तिथं फरशीवर बसल्ते ना तशी, ते पारूला मालूम न्हव्हतं. आन् तरी ती तेच म्हन्ली. माझ्या मनात ते रुतलं.

मंग माह्या पायाला सूज आली. पावसाळा सरता सरता. आधी घोट्याला, मंग नडग्या, मंग सारं पाऊल फुगलं, तव्यावरच्या पोळीवानी. मी अंगठा दाबून बघितला, आत्याबाईनं दाबला तसा. खड्डा पडला, आन् तो खड्डा भरायचं नाव घेईना. आता तुम्ही म्हनसाल बाई, ज्या बाईनं नवऱ्याला भांडून दवाखान्यात नेलं ती सवता का न्हाई गेली? कारन मला मालूम व्हतं डाक्टर आधी काय करंल. माह्या अंगठ्याशेजारचं बोट जांभळं पडलं व्हतं, जोडवं मांसात गेल्तं, वरून दिसतबी न्हव्हतं धड. डाक्टर बघितल्या बघितल्या म्हननार काढा हे. आन् बदलायचंबी न्हाई, नवं घालायला बोटात जागाच न्हाई. म्हन्जे मोकळं बोट. आन् तिकडं माहा माणूस दिलाच्या गोळ्यावर जगून राह्यला. तो हाये तोवर हे हायेत, हे आत्याबाईचं बोलनं मी उलटं करून बसले, हे हायेत तोवर तो हाये. मंग कशी जाऊ मी? बोट सडलं तर सडू दे म्हनलं.

म्या सूज लपवली. लुगडं खाली सोडून नेसायला लागले, पार टाचंच्या खाली. घरातले इलाज सारे करून बघितले. एरंडाचे पानं गरम करून बांधले, घेटुळी हुडकून आनून खाल्ली, तेल चोळलं. आन् माझ्या डोक्यातून एक अक्कल निघाली, की पायात पानी साचलंय तर पानी पिऊच नये. दिवसभरात घोटभर. वरून तोंडाला चव न्हाई म्हनून भाकरी आन् ठेचा, खारातली मिरची, मीठ मूठ भरून. आन् पाय ठनकले की गोळी. सांगा आता. ज्या ज्या चीजंनं सूज वाढती ते सारं म्या हौसंनं केलं.

सापडले कशी ते आयका. माही चप्पल पायात जाईना. मंग मी मालकाची घालायला लागले, त्यांच्या त्या रुंद पट्ट्याच्या. ते तर ओट्यावरच असतेत म्हनलं, कोन बघतंय. एक दिस मी गोठ्यात गेल्ते आन् ह्यांना कुठं तरी निघायचं व्हतं. चप्पल सापडंना. साऱ्या घरात हुडकलं, शेजाऱ्याच्या पोराला शिव्या दिल्या, कुत्र्याला शिव्या दिल्या, आन् मी शेनाचं टोपलं घिऊन समोरून आले. ह्यांनी खाली बघितलं. लुगडं जरा वर घे म्हन्ले. म्या म्हन्लं लाज वाटती का तुम्हाला, चौकात. म्हन्ले वर घे. असा आवाज म्या त्यांचा साऱ्या जिंदगीत आयकला न्हव्हता. म्या घेतलं. मंग ह्यांनी आत जाऊन मीराला फोन लावला, हसनाबादला दिलीय ती, म्हन्ले जल्दी ये, तुझ्या मायनं मला फसवलं.

भोकरदनला एक डाक्टरीन बाई हायेत, तरुन हायेत, मीरापेक्षा ल्हान. तिघं गेलो. त्यांनी नडगी दाबली, छाती तपासली, बीपी बघितलं, दम लागतो का, लघवी कमी व्हती का, फेसाळ व्हती का, सारं इचारलं. म्हन्ल्या आजी, सूज आपल्याआप येत न्हाई, आत कुठं काही बिघडलेलं असतंय ते हुडकावं लागतंय. दिवसभर उभं राह्यलं, पाय लोंबते ठिवून बसलं तरी येती, लई मीठ खाल्लं तरी येती, बीपीच्या काही गोळ्यांनी येती, आन् दिल, किडनी, लिव्हर यातलं कोनी थकलं तरी येती. मीराला म्हन्ल्या, आन् एकच पाय सुजला, पोटरी दुखली, गरम लागली, तर शेकत बसायचं न्हाई, शिरात रक्ताची गाठ असू शकती, त्याच दिवशी दवाखाना. मंग मला म्हन्ल्या गोळ्या कंच्या घेता? म्या म्हन्लं कंच्याच न्हाई. मीरानं माझ्या पदराची गाठ सोडली आन् टेबलावर झटकली. बाई त्या गोळ्याकडं बघतच राह्यल्या. किती वर्सं? म्या म्हन्लं आमच्याकडं साऱ्याच घेतेत.

रक्त, लघवी तपासलं. किडनीला मार बसलाय म्हन्ल्या. ह्या गोळीनं दुखनं मरतं पन रोज रोज वर्सानुवर्सं खाल्ली की किडनी मारती, आन् मीठ-पानी अंगात धरून ठिवती. आजपासून बंद, अर्धीबी न्हाई. मंग पाऊल उचलून बोट बघितलं आन् त्यांचं तोंडच बदललं. सुई टोचली, मला कळंना. म्हन्ल्या जोडवं आताच्या आता कापावं लागंल, बोटाचं रक्त बंद झालंय, अजून थांबलं तर जोडव्याऐवजी बोट कापावं लागंल, साखर-बिखर निघाली तर पायावर जाईल. म्या म्हन्लं बोट कापा.

चेष्टा न्हाई करत ताई, म्या असंच म्हन्लं. बोट कापा, जोडवं राहू द्या. बाई म्हन्ल्या बोट कापल्यावर जोडवं कशात राहील आजी? म्या पाय वढून लुगड्याखाली घेतला. मीरा रडायला लागली, माय गं माय गं करून. बाईनं साबन लावून बघितलं, दोरा गुंडाळून बघितला, निघंना. मंग मीरा बाजारातून सोनार घिऊन आली, त्याची बारीक कातर घिऊन. म्या सोनाराला म्हन्लं आधी नवं घाल कुठं तरी, दुसऱ्या बोटात घाल, मंग काप. तो म्हन्ला दुसरं बोटबी तसंच हाये मावशी. म्या म्हन्लं मंग नुसता धागा बांध. डाक्टरीन बाई म्हन्ल्या धागाबी न्हाई, काहीच न्हाई. म्या म्हन्लं मंग मी चालले घरी.

तवा मालक बोलले. तवर बाजूला स्टुलावर बसल्ते. म्हन्ले, कोनासाठी घातलेत तू हे? म्हन्ले, माझ्यासाठी ना? मंग मी समोर बसलोय, जित्ता, मला इचार. माझ्या आईनं घातले, मी काढायला सांगून राह्यलो. म्या म्हन्लं तुम्हाला काही झालं तर? म्हन्ले व्हईल की, कवा तरी व्हईलच, मी काय ताम्रपट घिऊन आलोय? पन मला काही व्हईल तवा तू पायावर उभी पाहिजेस. तुला कोनी भांडून दवाखान्यात नेलं न्हाई, मला तर तू नेलंस. तू गेलीस तर मला कोन बोलंल? आन् रडले ताई. सोनारासमोर, डाक्टरीनीसमोर, तोंड झाकलंबी न्हाई.

मंग मालक खाली बसले आन् माहा पाय मांडीवर घेतला. आमच्यात नवरा बायकोच्या पायाला हात लावत न्हाई. बाईला पाप लागतंय म्हन्तेत. मी पाय वढायला गेले तर घोटा धरला, सुजलेला, दुखला. सोनाराला म्हन्ले आन ती कातर इकडं, मी कापतो. डाक्टरीन बाईनं जोडव्याच्या खालून काही तरी पातळ सारलं, कातर कुठं लावायची ते दाखवलं. ह्यांनी लावली, पन दिलाचं दुखनं असलेला माणूस, हातात जोरच न्हाई. दाबतेत आन् दबंना. मला बघवंना. म्या वाकले आन् त्यांच्या हातावर माहा हात ठिवला आन् दोघांनी मिळून दाबलं. टक् करून आवाज आला, लई बारीक. मंग दुसऱ्या पायाचं. बोटावर पांढरी खाच राह्यली, खोल, आन् हळूहळू तिच्यात लाली यायला लागली. डाक्टरीन बाई म्हन्ल्या आलं रक्त, वाचलं बोट. मी बोटाकडं बघतच न्हव्हते. मी ह्यांच्या छातीकडं बघून राह्यल्ते, हालती का. हे म्हन्ले काय बघतीस? म्या म्हन्लं काही न्हाई.

बरेच दिस तसंच चाललं. पहाटं जाग आली की आधी हात लांब करून ह्यांच्या पोटावर ठिवायचा, वर-खाली व्हतंय का बघायचं, मंग उठायचं. एकदा जागेच व्हते, म्हन्ले अजून हाये, च्या ठिव.

सूज हळूहळू उतरली, पन बोटात परत काही घालायचं न्हाई म्हन्ल्या बाई, सूज कवाबी वापस येती. लघवी व्हायची गोळी दिली बाईनं, ती त्यांनी सांगितली तेवढीच, आपल्या मनानं वाढवायची न्हाई. पानी किती प्यायचं तेबी त्यांनीच ठरवून दिलं, ना कोरडं राह्यचं ना तांब्याच्या तांब्या रिचवायचे. मीठ कमी, खार बंद, पापड बंद. ठेचा म्हन्ला तर मिरची भाजून नुसती लसूनसंग कुटायची, बिनमिठाची, आता तुम्हीच सांगा त्याला ठेचा म्हनायचं का? जेवताना रोज मन मरतंय. पायाखाली गाठोडं ठिवून आडवं व्हायचं, आन् बसून बसून पंजे वर-खाली हालवायचे. दर काही दिसांनी रक्त तपासायला जावं लागतंय. किडनी पह्यल्यासारखी व्हनार न्हाई म्हन्ल्या बाई, हाये ती सांभाळायची. म्या म्हन्लं सांभाळू, काय करता. गुडघे दुखतेत, गोळी न्हाई, मंग शेकते, तेल लावते आन् गुडघ्याला शिव्या देते. त्यानं बरं वाटतंय, खोटं कशाला बोलू. तोडनीच्या बायांना सांगत असते, बायांनो च्या प्या, गोळी नका खाऊ. आयकतेत का? हो हो म्हन्तेत आन् पदर सावरतेत.

संक्रांतीला पारूकडं वान घ्यायला गेल्ते. गावातल्या एका नव्या सुनंनं कुंकवाची कोयरी पुढं केली, माझ्या पायाकडं बघितलं आन् हात मागं घेतला. तिचं काय चुकलं, मोकळे बोटं बघून दुसरं काय वाटंल? मला वाटलं जमीन फाटावी. पन माहं तोंड कडू, ते गप बसतंय व्हय? म्या म्हन्लं लाव पोरी, दाबून लाव, माणूस घरी ओट्यावर बसलाय आन् बिनमिठाच्या वरनाला नावं ठिवून राह्यलाय. हसल्या साऱ्या. पारू डोळे पुसत हसली. मीबी हसले, पन घरी येईस्तोवर पाय जड वाटले, सुजीनं न्हाई.

शहरातल्या नव्या बाया कशा मोकळ्या बोटानं फिरतेत, त्यांना काही वाटत न्हाई. मला वाटतंय. अजून झोपीत अंगठा शेजारच्या बोटावर जातो, फिरवायला. तिथं काही न्हाई. तुमचे पाय बरे हायेत ना ताई? बरे राहू द्या, बाई, देव बरे ठिवो, आन् सुजले तर लपवू नका.

आता आमचं सकाळचं काम ठरलंय. च्या व्हायच्या आधी मालक माही नडगी दाबतेत, मी त्यांची. दोघं बी खड्डा बघत बसतो. ह्या माणसानं उभ्या जन्मात माझ्या पायाला हात लावला न्हव्हता. खड्डा पडला तर दोघांची भाकरी त्या दिवशी दुधासंग, बाकी काही न्हाई. न्हाई पडला की लई खूश व्हतेत, टोपी झटकतेत आन् म्हन्तेत, चल, वावराला चक्कर मारून येऊ. म्या म्हन्ते चला. जात कोनी न्हाई, माहे गुडघे हे असे आन् त्यांचा दम तसा. पन रोज इचारतेत.